सेझानचा डोंगर बघायचाय? मग चढू नका!

चित्रकार सेझानच्या गावी, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला जाण्याआधी ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं, ‘सेंत-व्हिक्त्वार डोंगर चढा, तेव्हा सेझान कळेल.’ साफ चूक. माथ्यावरून अख्खा प्रोव्हान्स दिसतो, फक्त सेझानने रंगवलेला डोंगर दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच उभे असतो.

तरीही जाणार असाल तर ऐका. बिमाँ धरणापासून निळ्या खुणांची वाट ९४६ मीटरवरच्या क्रॉसपर्यंत जाते. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला चढ जड नाही. जड जातो तो वरचा कातळ. पांढरा चुनखडक लाखो बुटांनी घासून काचेसारखा झालाय आणि झिजल्या सोलची पकड तिथे संपते. त्यात मिस्त्राल वारा सुटला की धारेवर उभं राहणं कठीण. मी तो टप्पा उतरताना अक्षरशः बसून उतरलो, पाठीवरचा चित्रफलक शिडासारखा ओढत होता. फलक, ईझल काहीही वर नेऊ नका. वाऱ्याचा अंदाज असेल तर निघूच नका. पाणी माणशी दोन लिटर, सावली जवळपास नाही. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार डोंगर बंदही ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करा.

टीजीव्ही म्हणजे वेगवान रेल्वेचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. टॅक्सीवाल्याने माझ्याकडून ६० युरो घेतले. बाहेरच बस उभी असते, तीच पकडा.

आता खरी जागा. लोव्हच्या टेकडीवर सेझानचा शेवटचा स्टुडिओ आहे, १९०२ ते १९०६ तो तिथे काम करायचा. तिथून चढावर थोडं पुढे गेलं की ‘तेरँ दे पेंत्र’ म्हणजे ‘चित्रकारांची जागा’ लागते. दुपारनंतर जा. सूर्य पश्चिमेकडून डोंगराच्या अंगावर येतो आणि राखाडी खडक आधी पिवळसर, मग गुलाबी, शेवटी जांभळा होत जातो. सावल्या काळ्या नसतातच, निळ्या असतात. एकच डोंगर त्याने पुन्हापुन्हा का रंगवला, हे तिथे तासभर बसल्यावर डोळ्यांना कळतं. मी अंधार पडेपर्यंत हललो नाही, आणि पुन्हा गेलो तर थेट तिथेच जाईन.

ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर रंगवताना सेझान वादळी पावसात सापडला आणि काही दिवसांतच गेला. छत्री आणि गरम कपडे शरदातही हवेतच.

जलरंगवाल्यांनो, कोरड्या हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, बघता बघता सुकतो, कागद आधी नीट भिजवा. यलो ऑकर आणि कोबाल्ट ब्लू भरपूर घ्या.