स्मारक नाणं काढायचं कोण ठरवतं?

आमच्याकडं आठवडी बाजारात दहाचं नाणं दिलं की कांदेवाली मावशी उलटंपालटं करून पाहते अन् म्हणते, "हे नाही चालत ना भाऊ, याच्यावरचं चित्र वेगळंच आहे." अन् खरंच वेगळं असते, कारण दहाच्या नाण्याचे १४ डिझाइन निघाले होते अन् सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करून सांगावं लागलं. त्यातले बरेच स्मारक नाणे, म्हणजे कोणाची जयंती, कोणत्या संस्थेची शंभरी. २०१५ चं बाबासाहेबांचं दहाचं नाणं त्यातलंच.

लोकायले वाटते रिझर्व्ह बँकच ठरवते, पण तिचं काम फक्त नाणे लोकायपर्यंत पोचवायचं. नाणं काढायचं का नाही, हे २०११ च्या नाणे कायद्यानं केंद्र सरकारच्या हातात आहे, म्हणजे अर्थ मंत्रालय. मंजुरी झाली की राजपत्रात वजन, धातू, डिझाइन छापून येते, मग टाकसाळीत काम. हजार रुपयांपर्यंतचं नाणं काढता येते बरं!

पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरूंचं. २०२३ मध्ये नव्या संसदेसाठी ७५ रुपयांचं निघालं, ३५ ग्रॅमचं, अर्धी चांदी. ते बाजारासाठी नसतेच, हौशी लोकायले छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त भावानं विकतात. मले विचाराल तर कोणाचं नाणं निघावं यात राजकारण असतेच, जयंतीचा आकडा फक्त निमित्त. अन् बाजारात चालवायचे नाणे काढता तर गावात चार पोस्टर लावा ना राजेहो, मावशीनं कुठून वाचावं राजपत्र?