भाचीचा पीसी आणि रॅमच्या दोन पट्ट्या

भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली, तिच्यासाठी पीसी जुळवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसत नव्हतं, म्हणून रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला. ६ कोर, ग्राफिक्स आतच.

खरी गोम रॅममध्ये आहे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याच. डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन लावल्या की ५१.२. गेम खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो. स्लॉट चार असतील तर कुठले दोन वापरायचे ते मॅन्युअलमध्ये बघा. बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, तेही चालू करा, नाहीतर रॅम बऱ्याचदा कमी वेगाने चालते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात जेन ४ एसएसडीचा, म्हणजे पीसीआयई ४.० जोडणीवर चालणाऱ्या वेगवान स्टोरेजचा, फार आग्रह झाला. पण ५६००जी पीसीआयई ३.० च्या पुढे जातच नाही! साधी ५०० जीबीची जेन ३ घेतली.

वाचलेले पैसे ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेल्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला लावले. कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्तातला एसएमपीएस मी कुणालाच घेऊ देत नाही. तो जळताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो.