तलावाकाठी पाणी मोजताना

चार महिने मी या सहलीची आखणी करत होते, आणि त्या चार महिन्यांत पाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठे ११,८४२ तलाव आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा दहा हजार तलावांचं नाव असतं. उत्तरेला जाताना बरोबर न्यावी लागत नाही अशी एकच गोष्ट, ती म्हणजे पाणी, असं मी धरून चालले होते.

आई साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. गुडघ्यांमुळे तिला तंबूत जमिनीवर झोपता आलं नसतं, म्हणून आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्यानं घ्यायची ठरली. इथल्या स्टेट पार्कमधल्या, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांतल्या, मुक्कामाच्या जागांचं बुकिंग १२० दिवस आधी खुलं होतं. ऑगस्टअखेरची जागा हवी तर एप्रिलअखेरीस लॅपटॉपसमोर बसायचं. मी बसले. सत्तावीस फुटांची गाडी मावेल, तीस अँपिअर वीज असेल, स्वच्छतागृह आईला चालत जाण्याइतकं जवळ असेल, हे सगळं बघून इटास्का स्टेट पार्कमधली जागा मिळवली. जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही, कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात, हेही वाचून ठेवलं होतं. गाडी ताब्यात घेताना आम्हाला फ्रीज, जनरेटर, पायऱ्या, पडदे सगळं दाखवलं. टाक्यांबद्दल एवढंच सांगितलं की हे बटण दाबलं की दिवे लागतात. त्या दोन मिनिटांच्या घाईचा मला अजून राग आहे.

मिनिआपोलिसहून वर जायला पाच तास लागले. नवऱ्याचे हात स्टिअरिंगवर आवळलेले, लेक झोपलेली, आई खिडकीशी. दर दहा मिनिटांनी एक तलाव दिसायचा आणि आई म्हणायची, "ह्यो बी भरलेलाच."

गोंधळ पहिल्याच संध्याकाळी झाला. लेकीची आंघोळ झाली, मी कुकर लावला, भांडी घासली, आणि शॉवरच्या जाळीतून राखाडी, साबणाचं, डाळीचे कण तरंगणारं पाणी वर यायला लागलं. आरव्हीला तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, एक संडासाची, आणि एक सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची, जिला ग्रे टँक म्हणतात. आमच्या गाडीत ताजं पाणी सुमारे दीडशे लिटर मावायचं आणि सांडपाणी त्याहून बरंच कमी. म्हणजे पाणी संपायच्या आधी ते टाकायला जागा संपते! ग्रे टँक भरली की सांडपाणी सगळ्यात खालच्या जाळीतून उलटं वर येतं, आणि ती जाळी शॉवरची. आमच्या जागेवर वीज होती, पण नळ नव्हता आणि गटाराची जोडणीही नव्हती. टाकी रिकामी करायची तर पार्कच्या सॅनिटेशन स्टेशनवर गाडी न्यायची. त्यासाठी वायर काढा, चाकाखालच्या फळ्या काढा, बाहेर सरकवलेली भिंत आत घ्या, कपाटं बंद करा. अंधारात ते शक्य नव्हतं.

मी रडकुंडीला आले. आई उठली, लेकीचा वाळूचा डबा घेतला आणि न बोलता ते पाणी बादलीत भरायला लागली. नवरा धावला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, मला सवय हाय." मग बादली उचलून झाडांकडे निघाली. मी अडवलं. सांडपाणी जमिनीवर टाकायला इथे बंदी आहे. अन्नाच्या वासानं अस्वलंही येतात. "बरं," म्हणाली, "मग संडासात वत. तिथं बी पानीच लागतंय न्हवं?"

बरोबर होतं तिचं. संडासाची टाकी अजून जवळजवळ रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या रिकाम्या करून आलो आणि त्यानंतर आरव्हीतलं पाणी आईच्या ताब्यात गेलं. आंघोळी कँपग्राउंडच्या स्वच्छतागृहात. खरकटी ताटं आधी कागदानं पुसायची. भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, मग तांब्याभर स्वच्छ पाण्यात दुसरा, आणि ते सगळं बादलीत साठवून संडासाला. सिंकचा नळ उघडायचाच नाही. वाटेत आम्ही मनूमिन घेतला होता. इथले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक ऑगस्टअखेरीस होडीत बसून काठीनं झोडून काढतात, तो तलावातला जंगली तांदूळ. पाऊण तास शिजतो आणि पाणी बरंच उरतं. ते काळसर पाणी आईनं कटासारखं आमटीला वापरलं. तशी आमटी मी परत केलेली नाही, पण करणार आहे.

रात्री शेकोटीजवळ तिनं बहात्तरचा दुष्काळ काढला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, आणि घरी आल्यावर आडाच्या तळाशी वाटीनं पाणी भरायचं. हे मी लहानपणापासून ऐकलंय. पण त्या रात्री मला दुसरंच आठवत होतं. आल्या दिवसापासून ती आमच्या घरी शॉवरखाली बादली ठेवत होती, तांदळाचं पाणी कुंड्यांना घालत होती, आणि मी तिला तीनदा टोकलं होतं. "आई, इथे पाण्याला तोटा नाही गं, लोक बघतील तर काय म्हणतील." कोण बघणार होतं आमच्या बाथरूममध्ये? मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, हाताला सवय असती. तू काय वाईट बोलली न्हाईस." तलावावर लून पक्षी ओरडत होते, लांबून कुणी हाक मारावी तसे.

मिसिसिपीचा उगम बघितला. इटास्का तलावाच्या तोंडाशी दगडांची रांग आहे, तिच्यावरून लोक नदी ओलांडतात. नदी तिथे गुडघाभर खोल. खांबावर लिहिलंय की इथून २,५५२ मैल वाहत ती मेक्सिकोच्या आखाताला मिळते. गर्दी फार होती, फोटोसाठी रांगा होत्या, मला ते आवडलं नाही. ती दगडांची रांग १९३० च्या दशकात माणसांनी रचलेली आहे, हे सांगितल्यावर आई मात्र खूश झाली. वाकून दगड निरखत राहिली. "चांगला बांध घातलाय," म्हणाली. "पानी अडतंय बी आन् जातंय बी." पुढचे दोन दिवस सायकली, मासे, झोप.

शेवटच्या दिवशी ग्रे टँकचा दिवा दोन तृतीयांशावर होता. तीन दिवस, चार माणसं.

गाडी परत करताना तिथल्या माणसानं सांगितलं, ताज्या पाण्याची टाकीसुद्धा रिकामी करून हवी. खालची तोटी उघडली आणि स्वच्छ पाणी डांबरावर वाहायला लागलं. निदान पन्नास लिटर असेल. आई "थांबा, थांबा" म्हणत आत गेली आणि रिकाम्या बाटल्या, पातेली, तांब्या, कुकर सगळं घेऊन बाहेर आली. नवरा तोटी बंद-चालू करत होता, लेक बाटल्यांची झाकणं लावत होती. मागे दुसरी गाडी ताटकळत होती, आणि मी यावेळी काहीच बोलले नाही. आमच्या मोटारीत सामान रचल्यावर कुकरला जागा उरली नाही. तो घट्ट झाकण लावून मी मांडीवर घेतला आणि घरी येईपर्यंत धरून बसले.