१८४८ सालचं पेपरवेट

बर्मिंगहॅमजवळच्या एका लिलावघरात मी काचेच्या जुन्या वस्तू तपासून नोंदवतो. एका गुरुवारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आल्या आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेलं पेपरवेट त्यांनी टेबलावर ठेवलं. हातात घेतलं तर चांगलंच जड. काचेत शिसं होतं, इंग्लिश पद्धतीचं.

घुमटाच्या आत बारीक फुलांची एकात एक वर्तुळं होती, निळी, पांढरी, गुलाबी. त्यांच्यातच आकडे: १८४८.

ही फुलं म्हणजे काचेच्या कांड्यांचे तुकडे. तापलेल्या काचेवर रंगांचे थर चढवतात, साच्यात दाबतात आणि मग दोघं जण दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जातात. काच दोरीसारखी ताणली जाते. आतलं फूल मोडत नाही, नुसतं बारीक होत जातं. किती वेळा पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं. आकडेही असेच घडवतात. म्हणजे कुठलंही साल कधीही घालता येतं.

१८४८ लिहिलेली ही पेपरवेट बरीच वर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्स या काचकारखान्याची म्हणून खपली. त्या सुमारास बर्मिंगहॅमला बॅकस यांच्या कारखान्यात खरोखरच पेपरवेट होत होती, त्यामुळे सालाबद्दल शंका येत नसे. पुढे अभ्यासकांनी कांड्या ताडून पाहिल्या, तेव्हा ती बर्मिंगहॅमच्याच आर्क्युलस आणि जॉन वॉल्श वॉल्श या काचकारखान्यांची, १९२०-३० च्या दशकांतली निघाली.

भिंगाखाली मी एकेक कांडी पाहिली. त्याच होत्या. तळ फारसा घासलेला नव्हता.

असं सांगताना माझा घसा कोरडा पडतो. लोक वस्तूबरोबर घरची गोष्टही घेऊन आलेले असतात. तरी सांगितलं, की हे शंभर वर्षांच्या आतबाहेरचं आहे, किंमतही त्या मानानं कमी येईल.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आई सांगायची, हे तिच्या लग्नातलं, काचकारखान्यात कामाला असलेल्या शेजाऱ्यानं नवंकोरं दिलेलं. वडील तो आकडा दाखवून तिला खोटं पाडायचे. शेवटी तिनं सांगणंच सोडलं."

"लग्न कधी झालं त्यांचं?"

"१९३२."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आकड्यांवर धरलं आणि खूप वेळ पाहत राहिल्या. मग पेपरवेट मोज्यात घालून त्याला गाठ मारली. विकायचं नाही म्हणाल्या.