जंगल ढकलायचं नसतं, कापायचं असतं

गगनबावड्याकडच्या उतारावर झाडोरा काढायला साधा डोझर घातला की काय होतं, ते कोल्हापुरातल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारा. झाड मुळासकट निघतं, बरोबर गाडीभर तांबडी माती घेऊन येतं, मागं खड्डा राहतो आणि पहिल्या पावसात त्याचं डबकं होतं. मातीत कालवलेला ढीग धड जळतही नाही. हा त्रास जुनाच, आणि त्यावर निघालेल्या 'रोम प्लाऊ' या झाड कापणाऱ्या ब्लेडची ही गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या लेडोहून पांगसाऊ खिंडीमार्गे ब्रह्मदेशात रस्ता नेताना डोझरला पुढं ढकलायची साधीच ब्लेडं, म्हणजे पोलादी पाती, होती, तीही वायररोपवर उचलायची. साध्या ब्लेडनं मोठं झाड पाडायचं तर आधी तीन बाजूंनी मुळं तोडायची. ज्या बाजूनं रेटायचं तिथं मातीचा उतार रचायचा, म्हणजे ब्लेड बुंध्यावर उंच लागतं आणि जोर मिळतो. झाड कललं की तत्काळ रिव्हर्स. इथं उशीर झाला की वर येणारा मुळांचा गड्डा मशीनचं तोंड उचलतो. एका झाडाला एवढा खटाटोप.

व्हिएतनाममध्ये 1967 पासून वापरात आलेल्या 'रोम प्लाऊ'नं हे गणित बदललं. नावात नांगर असला तरी ते नांगरत नाही. कॅटरपिलर डी-7-ई या, चाकांऐवजी पोलादी चेनवर चालणाऱ्या ट्रॅक्टरपुढं दोन टनांहून जड, तिरकं ब्लेड. त्याचा तळ सपाट, त्यामुळं ते जमिनीत न घुसता जमिनीवरून सरकतं आणि खालची धारदार पट्टी बुंधा जमिनीलगत छाटते. डाव्या टोकाला पुढं आलेला भाल्यासारखा सुळा. जाड झाड एका दमात कापत नाहीत. सुळा बुंध्यात घुसवायचा, मागं यायचं, शेजारी पुन्हा घुसवायचा. बुंधा उभा चिरला की उरलेलं धारेनं कापायचं.

ब्लेड तिरकं असल्यानं कापलेला माल उजवीकडं पडतो. म्हणून जंगलाच्या पट्ट्याच्या कडेनं सुरुवात करून डावीकडं वळत, घड्याळाच्या उलट दिशेनं आत आत जायचं. माल साफ झालेल्या बाजूला जातो, सुळा कायम उभ्या जंगलाकडं राहतो. मशीनं एकामागं एक, थोडी तिरकी रांग धरून चालतात. अमेरिकी लष्कराच्या एका कंपनीकडं, म्हणजे तुकडीकडं, असे 30 ट्रॅक्टर असत आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांचं जंगल मागं हटवायचं, म्हणजे शत्रूला दबा धरायला जागा उरू नये, हे त्यांचं मुख्य काम.

सगळा खेळ धारेचा आहे आणि धारेकडंच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दगड लागला, वारूळ लागलं की धार मरते. बोथट ब्लेड बांबूचं बेट कापत नाही, नुसतं आडवं करतं. मशीन पुढं गेलं की बांबू मागं उसळून उभा राहतो आणि त्याच जागेवर दुसरी फेरी मारावी लागते, डिझेल दुप्पट. हँड ग्राइंडरनं रोज धार लावणं हे डिझेल भरण्याइतकंच नेमाचं काम.

बाकीचे त्रास वेगळेच. पाचोळा रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि इंजिन तापतं, म्हणून दिवसातून अनेकदा थांबून जाळी झाडायची. बेली गार्डमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटाखालच्या पत्र्यात, साचलेला सुका पाला तेलानं भिजतो आणि पेट घेतो. फांदी चेनमध्ये अडकली की चेन उतरते. उघडा हायड्रॉलिक पाइप एका खुंटानं फाटतो. सर्वांत घातक म्हणजे वेली. एक झाड कापलं की वेलीनं बांधलेल्या शेजारच्या झाडाची वाळकी फांदी थेट ऑपरेटरच्या डोक्यावर. यासाठी जाड पोलादी पाइपांचा पिंजरा केबिनवर असायचाच. त्यातूनही मधमाश्या आत यायच्या, आणि चेनखाली सुरुंग फुटायचे ते निराळे.

माती जागेवर राहते हा या पद्धतीचा मोठा फायदा, पण मुळंही जागेवरच राहतात. ऊस जमिनीलगत तोडला की खोडवा कसा जोमानं फुटतो, हे आपल्या शिवारात कुणाला सांगायला नको. व्हिएतनाममध्येही पावसाळ्यात बांबू आणि गवत पुन्हा वर आलं, आणि साफ केलेले पट्टे परत कापायला डोझर न्यावे लागले.