लाल शेपटीच्या तुडतुड्यामागे मॅनिटूलिन बेटावर

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील एस्पानोलाहून दक्षिणेला निघालेला सहा क्रमांकाचा महामार्ग ला क्लोश टेकड्यांमधून जातो, तेव्हा दोन्ही अंगांचा क्वार्ट्झाइट खडक उन्हात पांढराशुभ्र दिसतो. पुढे लिटल करंटपाशी १९१३ साली रेल्वेसाठी बांधलेला, आडवा फिरणारा पूल लागतो. हा पूल एकपदरी असून उन्हाळ्यात दिवसा दर तासाला पंधरा मिनिटे बोटींसाठी वळवून ठेवतात, त्यामुळे इथे थोडे थांबावेच लागते. पूल ओलांडेपर्यंत पांढरा खडक मागे पडलेला असतो आणि करड्या चुनखडीचे सपाट थर सुरू झालेले असतात. ऑगस्टमध्ये ह्युरॉन सरोवरातल्या या मॅनिटूलिन बेटावर मी आलो तो या चुनखडीसाठी, किंवा नेमके सांगायचे तर तिच्यावर वाढणाऱ्या एका गवतासाठी आणि त्या गवतावर राहणाऱ्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीच्या एका तुडतुड्यासाठी.

त्याचे शास्त्रीय नाव अफ्लेक्सिया रुब्रानुरा. कीटकशास्त्रज्ञ ड्वाइट डीलाँग यांनी १९३५ साली त्याचे पहिले वर्णन केले, तेव्हा त्याची गणना फ्लेक्सामिया या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) झाली होती; १९४९ साली कीटकशास्त्रज्ञ पॉल ओमन यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली. रुब्रानुरा म्हणजे लाल शेपटीचा. इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि कॅनडातील मॅनिटोबा येथील प्रेअरी कुरणे हे त्याचे मुख्य घर आहे. त्या सगळ्यांपासून दूर, मॅनिटूलिनवर त्याची एक तुटक वस्ती आहे. कॅनडात २०११ साली त्याची नोंद विशेष काळजीच्या जातींमध्ये झाली.

चुनखडीची उघडी फरशी आणि तिच्यावर काही सेंटिमीटर मातीचा पातळ थर अशा भूमीला आल्वार म्हणतात. हा शब्द स्वीडिश आहे. वसंतात तिथे पाणी साचते आणि उन्हाळ्यात तीच जमीन भाजून निघते, म्हणून झाडे सहसा टिकत नाहीत. जमीनमालकाची परवानगी घेऊन मी अशाच एका आल्वारवर सकाळी पोहोचलो, तेव्हा फरशीच्या भेगांमधून गवताचे गोल झुबके ओळीने उगवलेले दिसले, आणि त्या ओळींवरून खालच्या भेगांचा नकाशा वाचता येत होता.

या तुडतुड्याच्या शोधात आधी गवत ओळखावे लागते, कारण तो प्रेअरी ड्रॉपसीड या एकाच गवताचा रस शोषतो. त्याची पाती दोऱ्यासारखी बारीक असतात आणि कारंज्यासारखी चहूबाजूंनी वाकतात. तुरा विरळ असतो. बी गोल असून पिकताच गळते, म्हणूनच हे नाव पडले. मात्र सर्वांत खात्रीची खूण नाकाला कळते. फुलोऱ्याच्या वासाने कुणाला कोथिंबिरीची, तर कुणाला पॉपकॉर्नची आठवण होते. मी तुरा बोटांत चुरगळून पाहिला आणि मला कोथिंबीरच आठवली.

पहिला दीड तास मी वाया घालवला. गवतावरून जाळी फिरवून कीटक गोळा करण्याच्या सवयीने मी तेच करत राहिलो, आणि जाळीत इतर जातींचे तुडतुडे, टोळांची पिल्ले आणि कोळी यांची गर्दी झाली. त्यांत एकाच्या पोटाशी तांबडा ठिपका दिसला आणि मी चक्क ओरडलो. दहापट भिंगाखाली पाहिले, तर त्या ठिपक्याला सहा पाय होते. ते दुसऱ्याच जातीच्या तुडतुड्याला चिकटलेले परजीवी कोळीडाचे, म्हणजे माइटचे, पिल्लू निघाले. लाल रंगावर विसंबून जात ठरवायला निघालेल्या माणसाचे यापेक्षा रास्त हसे होणार नाही.

मग गुडघे टेकले. लाल शेपटीच्या तुडतुड्याचे पंख बहुधा आखूड असतात, पोटाचे टोक उघडे राहते आणि उडता न येणारा हा कीटक झुबक्याच्या बुंध्याशी बसतो. वरून फिरणारी जाळी तिथवर पोहोचत नाही. मी पाती हाताने फाकवून खाली पांढरे ताट धरले आणि झुबका हलकेच थोपटला. तिसऱ्या झुबक्याखाली दोन कीटक पडले आणि पडताक्षणीच खेकड्यासारखे तिरके सरकले. काचेच्या नळीत घेऊन एकाला उजेडाकडे धरले. मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांची लांब रांग होती, म्हणजे तो तुडतुडाच होता. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या प्लँटहॉपर या वेगळ्या कीटकाच्या नडगीच्या टोकाशी एक मोठा हलणारा काटा असतो. पंख अर्ध्यातच संपले होते आणि त्यापुढे पोटाचे टोक तांबूस होते. या वेळी तो रंग अंगाचाच होता. हे लाल टोक नराचे असते. बहुतेक तुडतुड्यांच्या बाबतीत नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नाव ठरत नाही; इथे गवत, आखूड पंख आणि टोकाचा रंग यांचा मेळ बसल्याने मी कीटक न मारता छायाचित्रांवर भागवले.

हा प्रेअरीचा रहिवासी सरोवरातल्या बेटावर कसा आला, हा प्रश्न त्या उन्हात सतत डोक्यात होता. ओटावाचे कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॅमिल्टन यांनी अशाच न उडणाऱ्या, एकाच गवताला बांधलेल्या तुडतुड्यांच्या आधारे २००५ साली असे मांडले की उत्तरेकडे एके काळी उंच गवताची प्रेअरी आजच्यापेक्षा फार दूरवर पसरलेली होती. मला हा युक्तिवाद पटतो. बी वाऱ्याने किंवा पक्ष्यांबरोबर येऊ शकते, पण उडता न येणाऱ्या कीटकाला गवताच्या सलग पट्ट्यावरूनच पुढे सरकावे लागते, असे मानणे अधिक सोपे आहे.

याच कारणाने त्याचे नुकसान लवकर भरून निघत नाही. त्याची अंडी हिवाळाभर गवताच्या झुबक्यातच असतात, आणि झुडपांची वाढ रोखण्यासाठी प्रेअरीत मुद्दाम लावलेली आग ती जाळून टाकते. संपूर्ण कुरण एकदम पेटवले, तर परत यायला कुणी उरत नाही. म्हणून जाणकार तुकड्या-तुकड्यांनी जाळतात.

दुपारी मी खडीचा रस्ता ओलांडून पलीकडच्या आल्वारवर गेलो. तिथेही तेच गवत, तोच वास आणि झुबके तर अधिक दाट होते. संध्याकाळपर्यंत मोजून साठ झुबके थोपटले. ताटात मुंग्या पडल्या, गळालेले बी पडले, एक-दोन पंखवाले तुडतुडे पडून लगेच उडून गेले. आखूड पंखांचा एकही सापडला नाही.