डोळ्यातलं जेल सुटलं, मग टेकडीचं काय?

साठीनंतर डोळ्यापुढे जाळं तरंगतं हे ऐकून होते. पण अंधारात मान वळवली की उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकायला लागली, तेव्हा माझ्या मायनस सहाच्या चष्म्याची आठवण झाली आणि दुसऱ्याच दिवशी रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेले. बाहुली मोठी करायचे थेंब घालून बराच वेळ बसवतात, मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून डोळ्याचा कानाकोपरा तपासतात. "वर बघा, आता उजवीकडे खाली, अजून खाली..." पापणीवरून बारीक दांडीने दाबतात तेव्हा पाणी येतं, पण ते सोसायचं. जाताना सोबत कुणीतरी न्याच. थेंबांचा अंमल काही तास राहतो, आणि पुण्याच्या दुपारच्या उन्हात तशा डोळ्यांनी रस्ता ओलांडणं म्हणजे शिक्षा.

निदान निघालं पीव्हीडी, म्हणजे डोळ्यातलं जेल पडद्यापासून सुटणं. डोळ्याच्या पोकळीतलं पारदर्शक जेल बहुतांशी पाणीच असतं. वयाने ते पातळ होतं, आक्रसतं आणि मागच्या पडद्यापासून सुटतं. सुटताना पडद्याला ओढ बसते, तीच ती चमक. मायनस नंबर जास्त असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं की हे लवकर होतं. बहुतेकांचं यात काही बिघडत नाही. पण अशी लक्षणं घेऊन आलेल्या शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांच्या पडद्याला चीर सापडते. तिच्यातून पाणी मागे शिरलं तर पडदा सरकतो. चीर वेळेत कळली तर लेझरने सभोवती बंदोबस्त करता येतो. माझ्या पडद्याला चीर नव्हती, पण ती पुढच्या काही आठवड्यांत पडू शकते, म्हणून महिन्याने परत बोलावलं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. मी रोज सकाळी तळजाईची टेकडी, मध्येच कधी पर्वती, संध्याकाळी बॅडमिंटन आणि वर्षानुवर्षं शीर्षासन करणारी. नणंदेने फर्मान काढलं, "वहिनी, देवापुढेसुद्धा वाकू नका." टेकडीवरच्या एका काकांच्या मते काहीच होत नाही, चालू द्या. शेवटी गॅसच्या पावतीमागे यादी करून डॉक्टरांपुढे ठेवली.

त्या हसल्या. "काकू, साध्या चालण्याने किंवा वाकण्याने चीर पडते असा पक्का पुरावा नाही. भरपूर चाला. पण पहिले चार-सहा आठवडे जड उचलणं, उड्या, झटके आणि डोकं खाली असलेली आसनं टाळा. ही खबरदारी आहे, शिक्षा नाही." शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांना तर ते नकोच, हेही त्यांनी सांगितलं.

बाकी, टेकडीवर त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना खाली पाहिलं की तरंगणारा ठिपका बरोबर पायापुढे येऊन बसे. खडा समजून पाऊल अडखळे. म्हणून पूर्ण उजाडल्यावरच निघायचं, उतरताना कठड्याची बाजू धरायची आणि टोपी घालायची, कारण उजळ आभाळावर जाळं जास्तच ठळक दिसतं. ढोल बडवल्यासारखं सगळ्यांना सांगत नाही, पण एवढं सांगते: मोबाईल बघत पायऱ्या उतरू नका.

सकाळी चहा घेताना एक एक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयाचे चारही कोपरे दिसतात का, ते बघायची सवय लावली. अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, चमक वाढली किंवा कडेने सावली सरकायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सोमवारची वाट बघायची नाही. अशा वेळी एक-दोन दिवसही महागात पडू शकतात.

महिन्याने पडदा पुन्हा तपासला, ठीक निघाला. बॅडमिंटन सुरू झालंय, जाळं आहे तसंच आहे, पण आता दिवसभरात बऱ्याचदा विसरायला होतं. शीर्षासन मी सोडलं ते सोडलंच. त्याऐवजी पाय भिंतीला लावून पाठीवर पडते. सिंहगड पावसाळा संपल्यावर, कारण त्या निसरड्या वाटेवर मला डोळ्यांपेक्षा गुडघ्यांची धास्ती जास्त आहे.